सोळा तास, आणि वर चोवीस

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. प्राप्तिकराचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी देशात काय घडलं ते तारखा, खुलासे आणि आकड्यांसकट नोंदलेलं आहे. नागपुरातल्या एका घरात काय घडलं असेल, ते इथे नमुन्यादाखल मांडलं आहे. हिंगणा एमआयडीसीतला एक नोकरदार, मानेवाड्यात कर्जावर घेतलेला फ्लॅट, सोबत बायको, मुलगी आणि आईवडील, वर्षाचा पगार बारा लाख. माणूस कल्पनेतला आहे. त्याला लागू झालेले नियम आणि त्याच्या बेरजा-वजाबाक्या मात्र खऱ्या आहेत.

२९ ते ३१ मार्च: साडेपाच महिने शिल्लक

आर्थिक वर्ष संपायचे तीन दिवस. २९ ला शनिवार, ३० ला रविवार आणि पाडवा, ३१ ला ईद. प्राप्तिकर खात्याने तिन्ही दिवस कार्यालयं उघडी ठेवली. पाडव्याच्या दिवशी पंतप्रधान नागपुरात होते, रेशीमबाग आणि दीक्षाभूमी दोन्हीकडे जाऊन आले. आपल्या नोकरदाराने त्या दिवशी घरी बसून एक शहाणपणाचं काम केलं. मोबाइलवरून एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, ५०,००० रुपये टाकले.

बचतीच्या बाबतीत तो कमी पडला नव्हताच. पीएफ, एलआयसी, मुलीच्या शाळेची फी आणि कर्जाचं मुद्दल मिळून कलम ८०सीची दीड लाखाची मर्यादा भरलेली. गृहकर्जाचं व्याज दोन लाख. स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्य विमा २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांचा ५०,०००. सगळे हप्ते वेळच्या वेळी गेलेले.

एकच गोष्ट राहिली. 'जुनी करप्रणाली हवी की नवी?' अशी विचारणा करणारा कंपनीचा ईमेल एप्रिल २०२४ मध्ये आला होता, जानेवारीत आठवणही आली होती. दोन्हींना उत्तर गेलं नाही. उत्तर न देणाऱ्याचा टॅक्स कंपनी नव्या प्रणालीने कापते, कारण कायद्याने तीच आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. नव्या प्रणालीत ८०सी नाही, विमा नाही, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज नाही. कंपनीने ७१,५०० रुपये कापून सरकारजमा केले.

२७ मे: मुदतवाढ

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर नेली. फॉर्ममध्ये बरेच बदल झाले आहेत आणि टीडीएसच्या, म्हणजे आधीच कापलेल्या टॅक्सच्या, नोंदी जूनमध्येच दिसू लागतात, हे कारण. सेहेचाळीस दिवस जास्तीचे मिळाले. मंडळाने ते नव्या फॉर्मशी जुळवून घ्यायला दिले होते. नोकरदाराने ते विसरून जायला वापरले.

१५ जूनपर्यंत कंपन्यांना फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, द्यावा लागतो. त्यालाही तो मिळाला. ईमेलमध्ये आला आणि तिथेच पडून राहिला.

१४ सप्टेंबर, रविवार: एक दिवस शिल्लक

दुपारपासून व्हॉट्सॲपवर एक पत्रक फिरू लागलं: मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली. खात्याने तातडीने खुलासा केला, ही बातमी खोटी आहे, शेवटची तारीख १५ सप्टेंबरच, खात्याच्या अधिकृत खात्यावरचंच खरं माना. मदत केंद्र चोवीस तास चालू असल्याचंही सांगितलं. पत्रक त्याच्या ग्रुपवर सात जणांनी टाकलं होतं. खुलासा कोणीच टाकला नाही.

"अरे भाऊ, डेट वाढूनच राहिली दरवर्षी. टेन्शन काऊन घेतो?" असा मेसेज मात्र आला आणि त्याला अंगठे पडले.

१५ सप्टेंबर, सकाळी ८: सोळा तास शिल्लक

पितृपक्ष चालू, अविधवा नवमी. आईचा सकाळपासून स्वयंपाक. छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. १९५७ पासून देशभरातले प्राप्तिकर अधिकारी या शहरात प्रशिक्षण घेऊन बाहेर पडतात. ते ज्या फायली उघडायला शिकतात, त्यातलीच एक नोकरदाराच्या ईमेलमध्ये तीन महिन्यांपासून बंद होती.

धंतोलीत आणि रामदासपेठेत सीएंच्या ऑफिसांना आज दुहेरी काम. अॅडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता भरायची तारीखही हीच, १५ सप्टेंबर. ज्याने आधीपासून फाइल दिलेली नाही त्याला आज कोण उभं करणार? त्याच्या ओळखीच्या सीएंनी फोन उचलला, एवढंच म्हणाले, "भाऊ, आज नाही जमणार. तुमचं सोपं आहे, पोर्टलवर बसा आणि जुन्या-नव्याचा हिशेब आधी करा."

सकाळी ११: तेरा तास शिल्लक

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चर्चा. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणते ना? मग रिटर्न कायले?"

हा त्या दिवसाचा सर्वांत महागडा गैरसमज. बारा लाखांची घोषणा १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली हे खरं, पण ती १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला. आज जे रिटर्न भरायचं होतं ते ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं. त्या वर्षी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरच टॅक्स शून्य होत होता. शिवाय टॅक्स शून्य झाला म्हणून रिटर्न माफ होत नाही. सूट मिळाली हे दाखवायलाही रिटर्नच लागतं.

दुपारी १.३०: साडेदहा तास शिल्लक

जेवणाच्या सुट्टीत फॉर्म १६ उघडला. पहिल्यांदाच दिसलं की आपण नव्या प्रणालीत आहोत. नोकरदाराला दरवर्षी रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, कंपनीने काहीही धरलेलं असलं तरी. अट एकच: रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. ही अट त्याने वाचली नाही. फॉर्म १६ वर ती लिहिलेली नसते.

दुपारी ४: आठ तास शिल्लक

देशभरातून तक्रारी: पोर्टल उघडत नाही, एआयएस (वार्षिक माहिती विवरण) डाउनलोड होत नाही, चलनाचं पान अडकलं. खात्याचं उत्तर होतं की पोर्टल नीट चालू आहे, ब्राउझरची साठवण पुसून पाहा किंवा दुसरा ब्राउझर वापरा. दोन्ही बाजूंचं आपापल्या परीने खरं असेल. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने शेवटचाच दिवस निवडला होता, हे मात्र निर्विवाद.

संध्याकाळी ५.३०: साडेसहा तास शिल्लक

घरी पोचला, लॅपटॉप लावला. पासवर्ड आठवेना. नवा पासवर्ड करायला आधारचा ओटीपी, आणि आधारला जोडलेला नंबर त्याच्या जुन्या सिमचा. ते सिम आता बाबांच्या फोनमध्ये, आणि बाबा महाल भागात त्यांच्या भावाकडे जेवायला.

"बाबा, ओटीपी आला का?"

"येऊन राहिला असेल. चष्मा नाही माझ्याजवळ."

आधारचा ओटीपी पंधरा मिनिटं चालतो. तिसऱ्या खेपेला जमलं तेव्हा सात वाजत आले होते.

संध्याकाळी ७: पाच तास शिल्लक

सातची वेळ वाईट. आदल्या वर्षी, ३१ जुलै २०२४ या एकाच दिवशी देशात ६९ लाख ९२ हजार रिटर्न भरली गेली होती आणि त्यातली ५ लाख ७ हजार संध्याकाळी सात ते आठ या तासात. ऑफिस सुटतं, माणसं घरी येतात, सगळ्यांना एकदमच आठवतं.

त्याने एआयएस उतरवून घेतलं. फाइलचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीत पॅन आणि लगेच जन्मतारीख. आत एक ओळ होती जी त्याच्या डोक्यात नव्हती: मुदत ठेवींवरचं व्याज, ३८,००० रुपये. त्या वर्षी चाळीस हजारांच्या आतल्या व्याजावर बँक टीडीएस कापत नव्हती. कापलं नाही म्हणून त्याला वाटलं टॅक्स नाही. बँकेने मात्र आकडा खात्याला कळवला होता. हा शोध आज लागला हे नशीबच. नाहीतर पुढे नोटिशीतून लागला असता.

रात्री ८: चार तास शिल्लक

सीएंनी सकाळी सांगितलेला हिशेब त्याने आत्ता केला.

नवी प्रणाली: पगार आणि व्याजातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र ११,६३,०००. टॅक्स आणि चार टक्के उपकर मिळून ७७,४३०.

जुनी प्रणाली: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, कर्जाचं व्याज दोन लाख, ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे ५०,०००, आरोग्य विम्याचे ७५,०००. करपात्र ७,१०,५००. उपकरासह टॅक्स ५६,७८०.

कापलेले ७१,५००. जुन्याने भरलं तर १४,७२० परत मिळतात. नव्याने भरलं तर ५,९३० खिशातून जातात. वर्षभर केलेल्या बचतीचा मोबदला या दोन ओळींमधल्या अंतरात होता.

याच सुमारास ग्रुपवर एक ओळखीचा माणूस मदतीला आला. "डोनेशनची पावती लावून देतो, रिफंड डबल. दहा टक्के मला." सुदैवाने त्याला उत्तर गेलं नाही. दोनच महिन्यांपूर्वी, १४ जुलैला, खात्याने खोट्या वजावटींच्या संशयावरून देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई केली होती. उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड होतो. पावती देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

रात्री ९: तीन तास शिल्लक

'सहज', म्हणजे आयटीआर-१, भरायला घेतला. पूर्वी ८०सीत दीड लाखाचा आकडा टाकला की पुढे जाता यायचं. २०२५ च्या फॉर्मने जुनी प्रणाली घेणाऱ्यांकडून तपशील मागायला सुरुवात केली. प्रत्येक गुंतवणुकीचा पॉलिसी नंबर किंवा कागदाचा क्रमांक. आरोग्य विम्याला कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक. गृहकर्जाला बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम आणि ३१ मार्चची बाकी.

घरातलं कपाट उघडलं गेलं. एलआयसीची पॉलिसी आईच्या साड्यांखाली सापडली. शाळेच्या फीच्या पावत्या दोन मिळाल्या, तिसरी नाही. बाबांच्या विम्याचा कागद मेलमध्ये, मेल कुठल्या नावाने आला ते आठवेना. बायको फरशीवर बसून एकेक पिशवी रिकामी करत होती. "अहो, हे २०२१ चं वीजबिल आहे. हे काऊन जपून ठेवलं?"

वीजबिलं सगळी होती. कर्जाचं मंजुरीपत्र नव्हतं.

रात्री १०.३०: दीड तास शिल्लक

बँकेच्या ॲपवरून व्याजाचा दाखला निघाला. त्यात खाते क्रमांक, व्याज, मुद्दल, बाकी, सगळं होतं. मंजुरीची तारीख नव्हती. मंजुरीपत्र फ्लॅटच्या फाइलमध्ये, फाइल लॉकरमध्ये, लॉकर बँकेत.

रात्री ११.१५: पाऊण तास शिल्लक

सात कोटींवर रिटर्न भरून झाल्याचं खात्याने जाहीर केलेलं. नोकरदाराचं रिटर्न पुन्हा लॉग-इनच्या पानावर परतलेलं, कारण बराच वेळ काही न टाइप केल्याने पोर्टलने बाहेर काढलं.

त्याला आणखी एक भीती होती की शेवटी ओटीपी आला नाही तर सगळं फुकट. ही भीती अनाठायी होती. रिटर्न आधी सादर करून पडताळणी तीस दिवसांत करता येते, आणि तेवढ्यात केली तर सादर केल्याची तारीखच धरली जाते. ठाऊक असतं तर त्याचं अर्धं अवसान शाबूत राहिलं असतं.

मध्यरात्रीच्या तोंडावर: चोवीस तासांची भीक

बारा वाजायला काहीच मिनिटं असताना मंडळाने जाहीर केलं: मुदत एक दिवसाने वाढवली, आता १६ सप्टेंबर. पोर्टलमध्ये तसा बदल करण्यासाठी रात्री बारा ते अडीच ते बंद राहील. दिवसअखेर देशात ७.३ कोटींहून जास्त रिटर्न आली होती. आदल्या वर्षीचा ७.२८ कोटींचा आकडा मागे पडला.

लॅपटॉप बंद झाला. "पाहिलं? मी म्हटलं नव्हतं, वाढवतेच म्हणून." घरात सगळ्यांना हायसं वाटलं. खरा घात या वाक्याने केला.

१६ सप्टेंबर, दुपारी १२: बारा तास शिल्लक

मंगळवार. बँक उघडी होती. लॉकर उघडून मंजुरीपत्रावरची एक तारीख बघायची, वीस मिनिटांचं काम. त्याने अर्धा दिवस रजा टाकायचा विचार केला आणि सोडून दिला. काल रात्री बाराच्या आत वाढवली, आज पुन्हा वाढवतील. कॅन्टीनमध्ये सर्वांचं यावर एकमत होतं.

संध्याकाळी ६: सहा तास शिल्लक

बँक बंद. मुदतवाढीच्या बातम्या शोधायला दर दहा मिनिटांनी मोबाइल. बातमी नाही.

रात्री १०: दोन तास शिल्लक

बातमी नाही. आता घाम फुटला. ईमेलमध्ये कर्जाच्या वेळचं काही सापडतं का म्हणून शोधाशोध, २०१९ पर्यंत मागे जाऊन.

रात्री ११.४०: वीस मिनिटं शिल्लक

दलालाने तेव्हा पाठवलेल्या मेलला मंजुरीपत्राचा फोटो जोडलेला सापडला. मेल सहा वर्षं त्याच्याच खिशातल्या मोबाइलमध्ये होता. त्याने तारीख टाकली. पुढच्या पानावर फॉर्मने बाबांच्या विम्याचा पॉलिसी क्रमांक मागितला. बाबा झोपले होते.

१७ सप्टेंबर, मध्यरात्र

तिसरी मुदतवाढ आली नाही.

बारानंतर त्याचं रिटर्न उशिराचं झालं. ते ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, त्यात काय, पाच हजार दंड भरू. दंड हा त्यातला छोटा भाग आहे. मुदत चुकली की नोकरदाराला जुनी प्रणाली निवडताच येत नाही. पीएफ, एलआयसी, एनपीएस, विमा, कर्जाचं व्याज, सगळं खरं, सगळं वेळेवर भरलेलं, बहुतेकांचे कागद एव्हाना टेबलावर, आणि फॉर्ममध्ये त्यांना जागा नाही. शेअर्समध्ये तोटा झाला असता तर तो पुढच्या वर्षांवर ओढण्याचा हक्कही गेला असता.

त्याचा हिशेब असा झाला. परत मिळायचे १४,७२० गेले. भरायचा टॅक्स ५,९३०, त्यावर एक महिन्याचं व्याज ५९, लेट फी ५,०००. एकूण फटका २५,७०९ रुपये. पाच लाखांच्या आतल्या उत्पन्नाला लेट फी एक हजार आहे. त्याला तो दिलासाही नव्हता.

ज्यांचं अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी

यात पोर्टलचा दोष किती आणि माणसाचा किती, यावर वाद घालता येईल. शेवटच्या दिवशी पोर्टल अडखळतं हे दरवर्षी दिसतं आणि खात्याने त्याची जबाबदारी घ्यायलाच हवी. पण या माणसाचे पैसे पोर्टलने बुडवले नाहीत. कंपनीच्या ईमेलला उत्तर, आधारला चालू नंबर आणि मंजुरीपत्राची एक प्रत, या तीन गोष्टींनी ते वाचले असते. तिन्ही फुकटच्या.

तेव्हा एप्रिलमध्ये कंपनीला प्रणाली कळवा, दोन्हींचा हिशेब मांडून. नवीच फायद्याची ठरली तरी हरकत नाही. २०२४ ला मुदतीत रिटर्न भरणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी तीच घेतली होती. पण ज्याच्यावर कर्ज आहे आणि ज्याच्याकडे आईवडिलांचा विमा आहे, त्याने आकडे मांडल्याशिवाय ठरवू नये. गुंतवणूक मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. प्रत्येक पॉलिसीचा क्रमांक, कर्जाच्या मंजुरीची तारीख आणि फीच्या पावत्या यांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाका. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात फॉर्म १६ आणि एआयएस शेजारी ठेवून जुळवा. आधारला जोडलेला नंबर आणि रिफंडचं बँक खाते एकदा तपासा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रिटर्न भरा आणि त्याच दिवशी पडताळणी करा. मुदत वाढली तर वाढू दे. ती वाढेल असं धरून एकही दिवस काढू नका.